कोळेझरच्या जोत्यावरचं शेवाळ

सोमवार, ९ मार्च २०४३. सकाळी सव्वाअकरा वाजता शिरोळे विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत फौजिया मुजावरने एक आलेख डॉ. केतकी रेडीज यांच्या टेबलावर ठेवला. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर वाढलेल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, गेली अठरा वर्षं एका बाईचा वावर नोंदला गेला आहे, असं आलेख सांगत होता. ती बाई म्हणजे केतकी स्वतः.

यात नवल काही नव्हतं. त्या भिंतीला लागून केतकी रोज ये-जा करायची. नवल होतं ते २०३१ आणि २०३२ या दोन वर्षांचं. ते दोन्ही पावसाळे केतकीने जपानात काढले होते, आणि तरीही भिंतीवरच्या मॉसमध्ये ती होती. इतर वर्षी जेवढी होती, बरोबर तेवढीच.

"मशीन बिघडलं असेल म्हणून मी परत परत लावून पाहिलं," फौजिया म्हणाली. ती केतकीकडे पीएचडी करत होती आणि भिंतीचा हा नमुना तिच्या प्रबंधातला साधा पडताळ्याचा नमुना होता. "तुम्ही मधे सुट्टीला आला होतात का, मॅडम?"

"एकदाही नाही."

"मग भिंतीला तुमची फार आठवण येत असणार."

केतकीने आलेख उजेडाकडे धरला. डावीकडून उजवीकडे एक रेषा गेली होती. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही.

"नमुना घेताना मी तुझ्याबरोबर होते ना?"

"होतात की. मी ब्रायम जातीचं म्हणत होते, तुम्ही म्हणालात की हे वेगळं आहे, पानाची कड बघ."

"कड कशी दिसली मला? मार्च महिना, मॉस कोरडं ठक्क."

फौजिया आठवू लागली. मग तिने जीभ बाहेर काढून दाखवली.

मॉसचा अभ्यास करणाऱ्यांची ही सवय बाहेरच्यांना ठाऊक नसते. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात मॉस आलं, लिव्हरवर्ट आलं, हॉर्नवर्टही आलं. पण वाळून कडकडीत झाल्यावर पुन्हा जिवंत व्हायची कला सगळ्यांत पक्की साधली आहे ती मॉसला. पाऊस संपला की त्याची पानं आक्रसतात, पिळवटतात, आणि मग जातकुळी ओळखणं अशक्य होतं. पाण्याचा एक थेंब लागला की मिनिटाभरात पानं उलगडतात. प्रयोगशाळेत त्यासाठी ड्रॉपर असतो. डोंगरात एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात चिमूटभर मॉस असतं, बाटली पाठीवरच्या पिशवीत असते. मग जीभ लावायची आणि बघायचं. केतकीचे गुरू तेच करत, त्यांचे गुरूही तेच करत आले असणार. ताज्या नमुन्यांसाठी आता हातमोजे आणि मुखपट्टीचे कडक नियम होते आणि ते केतकीनेच लिहिले होते. पण भिंतीवरचं मॉस ओळखताना ती नियमांत नव्हती, गप्पांत होती.

एवढ्यावर हसून विषय संपला असता. संपला नाही याचं कारण ती सपाट रेषा केतकीने आधी एकदा पाहिली होती. तीच रेषा दाखवून तिने एकतीस कुटुंबांना घरं मिळवून दिली होती.

*

केतकीचा शोध थोडक्यात असा. मॉसला मुळं नसतात. जे काही हवं ते सगळ्या अंगाने, हवेतून आणि पावसातून घेतं. घेताना निवड करत नाही. धूळ, धूर, परागकण आणि माणसांच्या श्वासातून, त्वचेतून उडणारे डीएनएचे तुकडेही त्याच्या पानांत अडकतात. पावसाळा सरला की मॉस वाळतं, आणि वाळताना त्याच्या पेशींतली साखर घट्ट होऊन काचेसारखी होते. त्या काचेत हे तुकडे बंद होतात. पुढच्या पावसाळ्यात वर नवा टप्पा वाढतो, जुना खाली राहतो. सह्याद्रीत वर्षाला एकच पावसाळा, म्हणून वर्षाला एकच टप्पा. हे टप्पे एकेक करून कापायचे आणि प्रत्येकात कोणाचे तुकडे आहेत ते वाचायचं. त्या जागी कोणत्या वर्षी कोण वावरत होतं, हे कळतं. २०३९ पासून न्यायालयं हा पुरावा मानू लागली होती.

कोळेझर हा गवळी-धनगरांचा वाडा तांबडी नदीच्या खोऱ्यात होता. १९९६ साली तो धरणाखाली गेला. पुनर्वसनाच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. प्रकल्पाचं म्हणणं असं की हे लोक तिथे राहतच नव्हते, जनावरं चारायला येऊन-जाऊन असायचे. कोळेझरचे लोक म्हणायचे, आमच्या पिढ्या तिथे गेल्या. कागद कोणाकडेच नव्हता. १९७८ ची अधिसूचना निघण्यापूर्वी वस्ती होती हे सिद्ध झालं तरच जमीन मिळणार होती. सगळा दावा या एका मुद्द्यावर अडला होता.

केतकीच्या महाविद्यालयातल्या संग्रहात त्या वाड्यावरची एक पुडी निघाली. मॉस कागदाच्या घडीत ठेवतात, त्याला सगळे पुडीच म्हणतात. केतकीचे गुरू डॉ. शंकरराव इंगवले यांनी डिसेंबर १९९४ मध्ये कोळेझरच्या एका घराच्या जोत्यावरून तिच्यातला मॉसचा गोळा आणला होता. एकवीस टप्पे, म्हणजे १९७४ पासून पुढचे. बाकीच्या माणसांचे अंश फार क्षीण होते, पण एका पुरुषाचे अंश सर्व टप्प्यांत ठळक मिळाले. तो साऊबाई झोरे या दावेदार बाईंचा बाप निघाला. बिरू झोरे.

साधारणपणे रेषेला उतार असतो. जितका टप्पा जुना, तितके अंश कमी. कोळेझरची रेषा सपाट होती. केतकीने त्याचा अर्थ लावला होता की बंद घर, चुलीचा धूर, लागूनच गोठा आणि बारा महिने वावर, यांमुळे टप्पे भरून ओसंडले असावेत. या स्पष्टीकरणावरच्या तिच्या शोधनिबंधाचं परदेशातही कौतुक झालं. वर्षभरापूर्वी निकाल लागला, नव्या कोळेझरची आखणी झाली. प्रकल्पाने न्यायाधिकरणाकडे अपील केलं होतं, त्याची सुनावणी एप्रिलमध्ये होती.

आता दुसरं, साधं स्पष्टीकरण समोर आलं होतं. वाळलेलं मॉस टिपकागदासारखं असतं. वरून लाळ लावली की ती बुडापर्यंत झिरपते, आणि प्रत्येक टप्प्यात सारखीच उतरते.

"मॅडम," फौजिया हळू आवाजात म्हणाली, "माझा अख्खा प्रबंध कोळेझरच्या रेषेवर उभा आहे."

"माझी अख्खी नोकरी उभी आहे," केतकी म्हणाली. "आधी सरांना विचारू. त्यांचीच जीभ लागली असेल तर प्रश्नच मिटला. लाळ सरांची असती तर सपाट रेषाही सरांची आली असती, बिरूची नाही."

*

इंगवले सर शहाऐंशी वर्षांचे होते आणि गडहिंग्लजला मुलाकडे राहत. कवळी काढून ठेवली होती, ती केतकीला पाहून त्यांनी बसवली.

"कोळेझर? आठवतं की. जोत्यावर एवढा गोळा होता, मांजर निजल्यासारखा. तिथल्या तिथे ओळखला मी."

"ओला करून?"

"मग काय वास घेऊन?"

"जिभेने का, सर?"

"माझ्या नाही." सरांना प्रश्नच कमीपणाचा वाटला. "माझ्या तोंडात तेव्हा दिवसभर पान. चुना लागला की नमुना नासतो, पेशी जळतात, रंग जातो. मी बिरूला द्यायचो. वाट दाखवायला यायचा आमच्याबरोबर. निर्व्यसनी गडी. तंबाखू नाही, विडी नाही. असा माणूस मिळवायला मी त्या खोऱ्यात किती फिरलो माहीत आहे? त्याची जीभ म्हणजे आमचं शुद्ध पाणी."

ते स्वतःशीच हसले. केतकी हसली नाही, तेव्हा त्यांनी कवळी नीट बसवली आणि विचारलं, "काय झालं?"

तिने सांगितलं. सर म्हणाले, "पण तो तिथेच राहायचा, केतकी. त्याच्याच घरी उतरायचो मी. त्याच्या बायकोच्या हातचं ताक प्यायलोय."

"न्यायाधिकरणासमोर सांगाल?"

"सांगेन. पण मी गेलो चौऱ्याण्णव साली. त्यांना अठ्ठ्याहत्तरच्या आधीचं पाहिजे ना?"

"हो."

"त्याचा खरा श्वासही असेलच की त्या गोळ्यात."

"असेल. पण श्वासही त्याचा आणि लाळही त्याचीच. माणूस एकच असल्यावर वेगळं कसं काढायचं? दुसऱ्या कोणाची लाळ असती तर वजा करता आली असती."

"म्हणजे मी पान खाल्लं नसतं तर बरं झालं असतं."

"हो, सर."

सर खिडकीकडे वळले. "शोधनिबंध मागे घेशील?"

"घ्यावा लागेल."

"तो घे. तो तुझा आहे," सर म्हणाले. "घरं तुझी नाहीत."

परतीच्या बसमध्ये केतकीने कोळेझरचे वकील नलवडे यांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"मॅडम, हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"माझी विद्यार्थिनी. इंगवले सर."

"म्हणजे घरातल्या घरात आहे. समोरच्या वकिलाला मॉस चाटतात हे सात जन्मांत सुचणार नाही. तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाही. विचारतील तेवढंच सांगा."

"राज्यात याच पद्धतीवर चौदा खटले चालू आहेत, नलवडेसाहेब. दोन खुनाचे आहेत. जुन्या पुड्या तिथेही वापरल्यात."

"त्यांचे वकील बघतील. माझ्याकडे एकतीस घरं आहेत आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. खरं आहे ना?"

"मला वाटतं, खरं आहे."

"मग?"

बस घाट उतरू लागली आणि रेंज गेली. केतकीला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

*

नव्या कोळेझरला ती रविवारी गेली. बहुतेक घरांच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. साऊबाई झोरे नळी धरून आपल्या भिंतीवर पाणी मारत होत्या. साठी ओलांडलेल्या, काटक, बोलायला फटकळ. निकालानंतर त्यांनी प्रयोगशाळेत लोण्याचा डबा आणून दिला होता आणि "शेवाळाला लावा" असं म्हणून सगळ्यांना हसवलं होतं.

केतकीने उभ्याउभ्याच सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा साऊबाईंनी नळी खाली टाकली.

"म्हंजे माझ्या बानं शेवाळ चाटलं, म्हनून आमाला जमीन मिळाली?"

"हो."

साऊबाई हसल्या. "कुना साहेबाचा जोडा न्हाई चाटला त्यानं जल्मात. चाटलं ते बी हेच चाटलं." मग हसू ओसरलं. "तो तितं ऱ्हात नव्हता, असं म्हनताय तुमी?"

"तसं नाही. चौऱ्याण्णव साली तो तिथे होता, एवढं पुडी सांगते. अठ्ठ्याहत्तरच्या आधी होता की नव्हता, ते पुडी सांगू शकत नाही. ती सांगते असं मी म्हटलं होतं. ते चुकलं."

"मी सांगते की. माझी आजी त्याच घरात गेली. माझा बा त्याच घरात जल्मला."

"ते न्यायाधिकरण धरत नाही."

"तुमी धरा मग."

भिंतीवरून पाणी निथळत होतं, नळीतून वाया चाललं होतं, आणि दोघींपैकी कोणी नळ बंद करायला वळत नव्हतं.

"बाई, तुमी इचारायला आलाय का सांगायला?"

"सांगायला."

"मग बसा. च्या घ्या. अन् जावा."

चहा आला. दोघींनी प्याला. केतकी उठली, रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा मागून साऊबाईंचा आवाज आला.

"बाकीच्या घरांस्नी कोन सांगनार? मीच का?"

केतकी परत फिरली. संध्याकाळपर्यंत ती घरोघर गेली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी नाही. एका घरी म्हाताऱ्याला वाटलं की बाई अभिनंदनाला आल्या आहेत. त्याने नारळ आणायला नातवाला पिटाळलं, आणि नारळ येईपर्यंत तिला थांबावं लागलं. एका तरुण पोराने तिच्या तोंडावर दार ओढून घेतलं. दाराला अजून कडी नव्हती, ते पुन्हा उघडलं, त्याने पुन्हा ओढलं आणि आतून धरून ठेवलं.

*

६ एप्रिलला सुनावणी झाली. केतकीने प्रतिज्ञापत्र आधीच दिलं होतं, त्यामुळे प्रकल्पाच्या वकील सबनीस यांना उलटतपासणीत फारसं काही उरलं नव्हतं.

"म्हणजे कोळेझरचा पुरावा शून्य, असं धरायचं का?"

"या पुडीपुरता शून्य."

"दुसरी पुडी आहे?"

"नाही. जोतं आहे."

"कुठे?"

"तुमच्या धरणात."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी वर पाहिलं.

"डॉक्टर, सत्तेचाळीस वर्षं पाण्याखाली राहिलेल्या शेवाळात काही टिकतं?"

"मला माहीत नाही. वरचे टप्पे धुऊन गेले असतील. खालचे गाळात दाबले गेले असतील तर काही मिळू शकेल. आजवर कोणी पाहिलेलं नाही."

"तुमचा अंदाज?"

"अंदाज एकदा केला होता," केतकी म्हणाली. "आता नको."

नलवडे खाली मान घालून कागद लावत होते. सुनावणीनंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. साऊबाई आल्याच नव्हत्या.

न्यायाधिकरणाचा आदेश आठवड्याने आला. भूखंड काढून घ्यायचे नाहीत, पण बांधकाम थांबवायचं. यंदा जलाशय रिकामा करून दरवाजांची दुरुस्ती व्हायची आहे. पाणी उतरून कोळेझरची जोती उघडी पडली की नमुने घ्यायचे. दाव्यातल्या कोणीही जोत्याच्या पन्नास मीटरच्या आत जायचं नाही. नमुने घेणाऱ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत आवरण घालायचं. आणि नमुने घेणाऱ्या चमूत डॉ. रेडीज नसाव्यात.

शेवटची अट फौजियाने मोठ्याने वाचली आणि मधेच थांबली.

"बरोबर आहे त्यांचं," केतकी म्हणाली. "तू जा. आणि तोंड बंद ठेव."

फौजियाने प्रबंधाचा विषय तोवर बदलला होता. लाळेची रेषा आणि श्वासाची रेषा वेगळी कशी ओळखायची, यावर ती काम करत होती. भिंतीवरच्या केतकीचे आकडे त्यात पहिल्याच तक्त्यात आले. चौदांपैकी तीन खटल्यांत जुन्या पुड्यांची फेरतपासणी सुरू झाली. शोधनिबंध मागे घेतल्याची सूचना छापून आल्यावर टोकियोहून एका जुन्या सहकाऱ्याने केतकीला कळवलं की त्यांच्याकडेही सगळे चाटतात आणि आता सगळे घाबरलेत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात साऊबाईंचा फोन आला. त्या रविवारनंतर त्यांनी स्वतःहून केलेला हा पहिलाच.

"बाई, मला हजर ऱ्हायाची परवानगी मिळाली. पर कागद म्हनतो, लांब बसा."

"हो. पन्नास मीटर."

"माझ्याच घराला मी शिवायचं न्हाई?"

"नाही. तुम्ही जवळ गेलात तर तुमचा श्वास त्याला लागेल. मग बापाचा कोणता आणि तुमचा कोणता, यावर ते पुन्हा भांडतील."

"सत्तेचाळीस वर्सं पान्यात हुतं, तवा कुनी इचारलं न्हाई कुनाचा सास लागतोय." मागे म्हैस ओरडत होती. "पन्नास मीटरवरनं दिसतंय का?"

"जोतं दिसेल. दगड ओळखू येतील."

"उंबऱ्याचा दगड तांबडा हाय. तेवढा दिसला तरी बास."

"मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"तुमाला तर त्यांनी आत बी घेतलं न्हाई अन् भाईर बी बसवलं न्हाई." मग म्हणाल्या, "या. छत्री आना. तितं सावली न्हाई कसली."

शनिवार, ३० मे २०४३, सायंकाळी सहा. प्रकल्पाने जाहीर केलेल्या नोंदीनुसार जलाशयाची पातळी कोळेझरच्या सर्वांत उंच जोत्याच्या सव्वादोन फूट वर आहे. पाणी दिवसाला साधारण तीन इंचांनी उतरत आहे, म्हणजे जोतं उघडं पडायला नऊ दिवस लागतील. पाऊस घाटमाथ्यावर आठ दिवसांत पोहोचेल, असा अंदाज आहे.